काटा कुठं आला की पाय उचलायचा?

तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड. राष्ट्रीय महामार्ग ३६१ जसजसा रुंद होत गेला, तसतशा या रस्त्यावरच्या गाड्या जास्त वेगानं आणि जास्त वेळ न थांबता पळू लागल्या. त्यातल्या आजच्या डिझेल गाड्यांना टर्बो असतोच. २०१७ ची टाटा नेक्सॉन, २०१९ ची ह्युंदाई व्हेन्यू अशा गाड्या आल्यापासून एक-सव्वा लिटरच्या पेट्रोल इंजिनावरही टर्बो दिसणं नेहमीचं झालं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा दाबून इंजिनात भरतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आज ती आपल्या दारात उभी आहे. पण बॉनेटखाली एवढं चाललेलं असताना डॅशबोर्डवर वेग, आरपीएम, इंधन आणि फार तर पाण्याच्या तापमानाचा काटा, एवढंच असतं.

म्हणून बाहेरून मीटर आणून बसवणारे वाढले आहेत. हौस म्हणून हा विषय झटकून टाकता येत नाही. भर मे महिन्यात घरची माणसं गाडीत असताना अहमदपूर आणि लोह्याच्या मध्ये इंजिन सीझ झालं, तर काय हाल होतात हे इकडच्या लोकांना सांगायला नको. योग्य मीटर तो प्रसंग टाळू शकतं. चुकीचं मीटर, चुकीच्या पद्धतीनं बसवलेलं, तो प्रसंग ओढवूनही घेऊ शकतं. दोन्ही बाजू पुरत्या कळाव्यात म्हणून या लेखापुरती दोन माणसं कल्पिली आहेत. मामा लातूरचे, आयुष्यभर डिझेल गाड्या उघडून बसलेले मिस्त्री. भाचा नांदेडचा, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल गाडी आहे आणि घरी वडिलांची जुनी टर्बो डिझेल जीप आहे.

मामा : तीन-तीन मीटर? कशाकशाचे आहेत?

भाचा : एक बूस्टचं, एक एअर-फ्युएल रेशोचं आणि एक एक्झॉस्टच्या तापमानाचं. ५२ मिलिमीटरचे आहेत. समोरच्या काचेच्या बाजूच्या पिलरवर एकाखाली एक तिन्ही बसतील. पेट्रोल गाडीला लावायचेत.

मामा : गाडीत काही बदललंस का? रीमॅप करून इंजिनाच्या कॉम्प्युटरचं गणित बदललंस? टर्बो मोठा टाकलास?

भाचा : नाही. शोरूममधून आली तशीच आहे.

मामा : मग दोन मीटर आत्ताच परत पिशवीत ठेव. हवा-इंधनाचं प्रमाण गाडीचा ईसीयू, म्हणजे तो इंजिनाचा कॉम्प्युटर, स्वतः ऑक्सिजन सेन्सर वाचून सेकंदाला कितीदा तरी दुरुस्त करतो. त्यात तुला हात घालता येत नाही. नुसता आकडा बघून काय करणार? अन् एक्झॉस्टचं तापमान खरं मोजायचं तर सेन्सर टर्बोच्या अलीकडं, मॅनिफोल्डमध्ये बसवावा लागतो. म्हणजे भोक पाडणं आलं. मॅनिफोल्ड न उतरवता ड्रिल मारलं तर लोखंडाचा कीस थेट टर्बाइनच्या चक्रात जातो. ती कटकट नको म्हणून सेन्सर टर्बोच्या पलीकडं लावलास, तर तापमान शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसतं. म्हणजे खर्च करून खोटा दिलासा विकत घ्यायचा.

भाचा : पण ज्यांनी रीमॅप केलंय त्यांना?

मामा : त्यांना हे दोन आधी पाहिजेत, बाकीचे नंतर. डिझेलला जास्त इंधन पाजलं की एक्झॉस्ट तापतं. टर्बोच्या अलीकडं सातशे अंशांच्या वर बराच वेळ राहिलं तर पिस्टन आणि टर्बो दोन्ही धोक्यात येतात. पेट्रोलमध्ये मिश्रण पातळ झालं की नॉकिंग, म्हणजे इंधनाचं अवेळी पेटणं, सुरू होतं. पण तू त्यातला नाहीस. कंपनीनं जे ठरवून दिलंय, त्याच्या आत तुझी गाडी पळायली.

भाचा : ठीक. ते दोन परत. पण बूस्टचं मीटर मी ठेवणार. टर्बोची गाडी आणि टर्बो किती दाब देतोय हेच दिसू नये, हे मला पटत नाही.

मामा : दिसल्यावर करशील काय?

भाचा : नेहमीचं काय असतं ते माहीत करून घेईन. म्हणजे नेहमीसारखं नसेल तेव्हा लगेच कळेल. बाबांच्या जीपचं आठवा. पिकअप गेला, चढाला काळा धूर. डिझेल फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून साफ केले, तरी धूर तसाच. शेवटी सापडलं काय, तर दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजला क्लिपजवळ चीर. टर्बो हवा दाबत होता आणि ती वाटेतच निसटत होती. बूस्टचा काटा असता तर नेहमी एक बारच्या पुढं जाणारा दाब अर्ध्यावर अडकलाय हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. इंजेक्टरला कुणी हात लावला नसता.

मामा : पाइप हातानं चाचपले असते तरी सापडलं असतं. धूर दिसला की आधी एअर फिल्टर, मग होज, मग बाकीचं. हा क्रम पाळला तर मीटर लागत नाही.

भाचा : तुमच्या हाताला सापडलं असतं, मामा. गाडी रोज तुमच्याकडे नसते. आणि व्हेरिएबल टर्बोची पाती काजळीनं जाम व्हायला लागतात, तेव्हा हाताला काय लागणार? दाब उशिरा चढतो, कधी नको तितका चढतो. काट्याच्या चालीत ते दिसतं.

मामा : ते खरंय. ते हाताला लागत नाही. बरं, मीटर ठेवायचंच असलं तर ते नीट निवडलंस का? हे बघ, याची पट्टी उणे एकपासून सुरू होते. पेट्रोलला ठीक, कारण ॲक्सिलरेटर सोडला की आत व्हॅक्यूम होतो. जीपला हेच लावशील तर अर्धी तबकडी वाया. जुन्या डिझेलला थ्रॉटल नसतो, त्याच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होत नाही. डिझेलला शून्य ते दोन बारची पट्टी घ्यायची, म्हणजे काटा मोठा फिरतो आणि बारीक फरकही दिसतो.

भाचा : हे दुकानात कुणी सांगितलं नाही. आणखी एक गोष्ट माझ्याकडून घ्या. काही मीटर बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतात, काही एकूण दाब मोजून त्यातून समुद्रसपाटीचा ठरलेला आकडा वजा करतात. दुसऱ्या प्रकारचं मीटर आपल्याकडं चुकतं. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशे मीटरच्या वर. नांदेड गोदावरीच्या काठी, साडेतीनशे मीटरच्या आसपास. लातूरला हवेचा दाब साधारण ९४ किलोपास्कल, नांदेडला ९७, समुद्राकाठी १०१. म्हणजे असं मीटर लातुरात इंजिन बंद असतानाही शून्याखाली जवळजवळ एक पीएसआय दाखवील. लोकांना वाटतं टर्बो कमी पडतोय.

मामा : मग ओळखायचं कसं?

भाचा : चावी ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही. काटा शून्यावर पाहिजे. लातुरातही शून्य, नांदेडलाही शून्य. नसेल तर ते मीटर घेऊ नये, किंवा त्यात स्थानिक दाब भरायची सोय असेल तर भरावा.

मामा : हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. पण बाबा, तू सगळ्यात वरचं मीटर आणलंस अन् खालचं विसरलास. टर्बो मरतो तो बहुतेकदा ऑइलपायी. कमी ऑइल, जुनं ऑइल, पळवून आल्याबरोबर बंद केलेलं इंजिन.

भाचा : मला वाटलं तुम्ही मीटरच्याच विरोधात आहात!

मामा : मी उगाच लावायच्या विरोधात आहे. ट्रॅक्टरला ऑइलचा काटा असतो, जनरेटरला असतो. गावाकडचा गडी रात्री जनरेटर सुरू केला की पहिल्यांदा त्या काट्याकडं बघतो. तिथं मी कधी नको म्हटलं? पण गाडीला ऑइलचा लाल दिवा दिलेला आहे.

भाचा : तो दिवा लावणारा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला बंद-चालू होतो. टर्बोचा दांडा छोट्या गाडीत मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि बेअरिंगमध्ये नुसत्या ऑइलच्या थरावर तरंगत असतो. हायवेवर तीन-चार बार असायला हवा तिथं दाब दीडवर आला तरी दिवा लागत नाही. तो लागेपर्यंत बेअरिंग घासलेलं असतं. बैल गेला अन् झोपा केला.

मामा : हे मात्र मी स्वतः किती वेळा बघितलंय! दिवा लागला अन् गाडी पुढच्या धाब्यापर्यंत नेली, तोवर क्रँक गेलेला. मग माझं म्हणणं ऐक. जीपला पहिलं मीटर ऑइल प्रेशरचंच. बूस्ट नंतर. बूस्ट कमी झाला तर गाडी दमते. ऑइल कमी झालं तर इंजिन उतरवावं लागतं, अन् एकदा उतरवलं की खर्च लाखाच्या घरात जातो.

भाचा : मान्य. मग बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतं ते नळीचं, मेकॅनिकल घेऊ का? त्याला वायरिंगची भानगड नाही.

मामा : अजिबात नको. त्यात इंजिनमधलं गरम ऑइल बारीक नळीतून थेट तुझ्या गुडघ्यापर्यंत येतं. नळी तुटली तर पाय भाजतो, अन् इंजिनातलं ऑइलही जातं. इलेक्ट्रिक घे. सेंडर इंजिनवर राहतो, आत नुसती वायर येते. पण तिथंही लोक चुकतात. सेंडरचे आटे बघत नाहीत. अमेरिकन मापाच्या एक अष्टमांश इंचाला इंचात २७ आटे, ब्रिटिश मापाला २८. हाताला सारखेच वाटतात. पाना लावून जबरदस्तीनं आवळला की ब्लॉकमधले आटे जातात. दुसरं, पितळी टी लावून त्यावर जड सेंडर लोंबकळत ठेवतात. डिझेलच्या थरथरीनं तो टी एक दिवस चिरतो अन् ऑइल रस्त्यावर. छोटी प्रेशर होज लावून सेंडर बॉडीला क्लॅम्प करायचा. कंपनीचा दिव्याचा स्विच काढून टाकायचा नाही, दोन्ही ठेवायचे.

भाचा : आणि सेंडर-मीटरची जोडी एकाच जातीची पाहिजे. काही मीटर १० ते १८० ओहमवर चालतात, अमेरिकन पद्धतीचे २४० ते ३३ वर. सेंडर एका जातीचा आणि मीटर दुसऱ्या जातीचं असेल तर काटा उलटा चालतो, दाब वाढला की खाली येतो. सेंडर बिघडला की तो नांदेड-लातूरच्या दुकानात मिळणार आहे का, हे मीटर घेतानाच विचारायचं. आटे आवळताना सेंडरवर टेफ्लॉन टेपही गुंडाळायची नाही. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्या आट्यांतूनच मिळतं.

मामा : आता तापमानाचं सांग. गाडीत हीट मीटर आहे की.

भाचा : आहे, पण बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो काटा मुद्दाम मध्यावर थांबवलेला असतो. पाणी ८० अंशांवर असो की १०० वर, काटा हलत नाही. लोक घाबरून सर्व्हिस सेंटरला येऊ नयेत म्हणून तशी रचना करतात. काटा चढू लागतो तेव्हा आपल्या हातात फार वेळ उरलेला नसतो. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून महिनोन्‌महिने धूळ खात गेलं की रेडिएटर आणि इंटरकूलरच्या जाळ्या भरतात. मग उन्हाळ्यात एसी लावून चढ लागला की तापमान हळूहळू सरकतं. ते सरकणं आकड्यात दिसायला हवं.

मामा : आकड्यावर फार विसंबू नको. होज फुटून पाणीच निघून गेलं तर सेन्सर कोरड्या हवेत उघडा पडतो अन् तापमान कमी दाखवतो. इंजिन जळायलं अन् काटा खाली. हेड गॅस्केट उडाल्यावर लोक म्हणतात, काटा तर चढलाच नव्हता. म्हणून सकाळी गाडी थंड असताना टाकीतली पाण्याची पातळी बघायची. ते काम कुठलंच मीटर करत नाही.

भाचा : हे मी लिहून घेतो. आता पेट्रोल गाडीचं बोलू. तिथं वायर कापायचीच गरज नाही. आपल्याकडं एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीची स्वतःची तपासणी यंत्रणा, आहे. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटा अडॅप्टर लावला की मोबाइलवर पाण्याचं तापमान, मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, सगळं दिसतं.

मामा : ऑइलचा दाब दिसतो का?

भाचा : नाही. बहुतेक गाड्यांत ऑइलला नुसता स्विच असतो, आकडा नसतोच, मग दाखवणार काय. आणि स्वस्त अडॅप्टरनं आकडे सावकाश बदलतात, बूस्टची क्षणभराची उसळी त्यात निसटते. पण नांदेडच्या मे महिन्यात मला बूस्टपेक्षा आत येणाऱ्या हवेचं तापमान जास्त उपयोगी आहे. बाहेर ४३ अंश असताना हवा एक बारनं दाबली की इंटरकूलरच्या आधी ती १३०-१४० अंशांपर्यंत तापते. इंटरकूलरनं ती नीट थंड केली नाही तर ईसीयू इंजिन वाचवायला स्वतःच इग्निशन मागं घेतो, बूस्ट उतरवतो. दुपारी गाडी सुस्त वाटते ती त्यामुळं. नुसता बूस्टचा काटा बघणारा टर्बो बिघडला म्हणून गॅरेज गाठेल. दोन्ही आकडे बघणारा इंटरकूलरची जाळी धुईल.

मामा : हे मला आवडलं. आता मला सांग, तुझा तो बूस्टचा काटा पेट्रोल गाडीत कशाला?

भाचा : म्हणजे ओबीडी पुरे म्हणता?

मामा : कंपनीतून आली तशी गाडी असेल तर पुरे. मोबाइल मात्र एका जागी घट्ट बसव. चालवताना स्क्रीन चाळायची नाही, मर्यादा ओलांडली की आवाज होईल एवढं करून ठेव. गाडी चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर अडॅप्टर काढून ठेव, बॅटरी उतरते. अन् पिलरवर तर काहीच लावू नको. सहा एअरबॅगच्या गाडीत त्या पिलरच्या पट्टीखालून पडद्याची एअरबॅग जाते. त्यावर प्लास्टिकचं घर चिकटवलंस अन् अपघात झाला, तर ते घर आधी तुझ्या तोंडावर येईल. शिवाय चौकात त्याच पिलरआड मोटारसायकल लपते.

भाचा : आरटीओची काही अडचण?

मामा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर कंपनीचा जो तपशील आहे, त्याच्याशी गाडी जुळली पाहिजे. इंजिन, चॅसी यांना हात लागला तर प्रश्न येतो. मीटरनं आरसीवरचं काही बदलत नाही. वॉरंटीचं मात्र बघ. मूळ वायरिंग कापलेलं दिसलं की वाद होतो. म्हणून स्वतंत्र फ्यूज, इग्निशनवरून वेगळी लाइन, जोड नीट झाकलेले. जुनी जीप वॉरंटीतून कधीच गेलेली, तिथं हा प्रश्न नाही.

भाचा : एक जुनी हकिकत सांगू? १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर ही टर्बो पेट्रोल गाडी आली. टर्बो लावलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी एक. तिला नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण लागायचं, त्याची वेगळी टाकी होती. टाकी संपत आली की सांगायची सोयही होती. तरी बरेच मालक ती भरायचेच नाहीत. पुढं कंपनीला कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून द्यावे लागले.

मामा : बघ, तूच माझी बाजू मांडलीस! सूचना होती, पण मालकानं केलं काहीच नाही.

भाचा : पण सूचनाच नसती तर करायची इच्छा असलेल्यालाही काही करता आलं नसतं. म्हणून मी मीटर सोडत नाही.

मामा : मग एक काम कर. मीटर बसवायच्या आधी कागद घे. प्रत्येक मीटरपुढं तीन गोष्टी लिही: नेहमी किती असतं, किती झालं की धोका, अन् तेव्हा मी काय करणार. तिसरा रकाना भरता आला नाही तर ते मीटर घ्यायचं नाही.

भाचा : लिहितो. जीप, ऑइलचा दाब. गरम इंजिन, आयडलला सुमारे एक बार, हायवेवर तीन-चार. नेहमीपेक्षा स्पष्ट खाली आला तर बाजूला घेऊन इंजिन बंद, डिपस्टिक बघायची, पातळी ठीक असली तरी गाडी चालवत न्यायची नाही, टोचन करून आणायची. पाण्याचं तापमान: नेहमी ८५ ते ९५. १०५ ला एसी बंद, वेग कमी. ११० च्या वर थांबायचं, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. बूस्ट: नेहमीचा आकडा पहिल्या महिन्यात टिपायचा. कमी झाला तर आधी फिल्टर आणि होज. जास्त झाला तर पाय हलका, दुसऱ्या दिवशी गॅरेज.

मामा : अन् एअर-फ्युएल?

भाचा : तिसरा रकाना रिकामा राहतो. एक्झॉस्टच्या तापमानाचाही. परत देतो.

मामा : मग जीपला पहिलं ऑइल, दुसरं पाणी, पैसे उरले तर तिसरं बूस्ट. डोळ्यांच्या रेषेत, पण स्टिअरिंगच्या बाजूला, खाली. तुझ्या पेट्रोल गाडीला ओबीडी अन् आवाजाची सूचना. दोन्ही गाड्यांना हायवेवरून आल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलला ठेवून मगच बंद. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं अन् वेळेच्या आधी बदललेलं. आपल्या धुळीत मुदत पुरी होऊ द्यायची नाही.

भाचा : तुमच्या मते सर्व्हिस आधी आणि मीटर नंतर.

मामा : हो. सर्व्हिस न करता मीटर लावणाऱ्याचं इंजिन मीटर बघत बघत जातं.

भाचा : माझ्या मते सर्व्हिस करणाऱ्यालाच मीटरची जास्त गरज असते, कारण आकडा बिघडला की तो थांबतो. यावर आपलं जुळणार नाही.

मामा : नको जुळू दे. कागदावर जुळलंय, तेवढं पुरे. तो कागद जीपच्या सन व्हायझरला लाव, म्हणजे तुझा बाप चालवत असला तरी त्याला कळेल, काटा कुठं आला की पाय उचलायचा.